‘ज्या गावाची… ते गाव’ : अटीनुसार निवडीचा इतिहास आणि बुलढाणा जिल्ह्यातील पैसेवारी

१

संगणकाच्या आज्ञावलीत वारंवार करावी लागणारी एक क्रिया आहे. एकाच जातीच्या घटकांची एक ओळ समोर असते. तिला ‘ॲरे’ म्हणतात. एक अट ठरविलेली असते. प्रत्येक घटक त्या अटीवर पारखावयाचा, अट पूर्ण करणारे घटक वेगळे काढावयाचे आणि उरलेले तसेच सोडावयाचे, एवढेच काय ते काम. ही क्रिया यंत्राबरोबर जन्माला आली असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. यंत्र येण्यापूर्वी शेकडो वर्षे तलाठ्याच्या दप्तरात, तहसील कचेरीत आणि सावकाराच्या वहीत ती चालत होती. फरक इतकाच की तेथे अट यंत्राच्या भाषेत न लिहिता माणसांच्या भाषेत लिहिली जाई.

बुलढाणा जिल्ह्यात या क्रियेचे एक ठळक उदाहरण दरवर्षी घडते. खरीप हंगामाच्या अखेरीस जिल्ह्यातील गावांची पैसेवारी जाहीर होते. गावांची यादी असते, प्रत्येक गावापुढे एक आकडा असतो आणि पन्नास हा अंक मर्यादा म्हणून असतो. पन्नासाच्या आतील गावे वेगळी काढली जातात. या निवडीवर शेतसाऱ्याची सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीची स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलातील ३३.५ टक्के सवलत आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा गोष्टी अवलंबून राहत आल्या आहेत. त्यामुळे ‘कमी’ या शब्दाचा अर्थ नेमका काय, हा प्रश्न येथे केवळ व्याकरणाचा राहत नाही. प्रस्तुत लेखात या निवडपद्धतीचा इतिहास आणि आज्ञावलीच्या भाषांतील समांतर इतिहास एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

‘आणेवारी’ हा शब्द प्रथम तपासणे इष्ट ठरेल. रुपयाचे सोळा आणे, यावरून कोणत्याही पूर्ण वस्तूचे सोळा भाग कल्पून तिचा अंश आण्यांत सांगण्याची रीत मराठीत रुळली. ‘सोळा आणे खरे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तेथे नाण्याचा संबंध उरत नाही. पूर्णत्व तेवढे उरते. ‘वारी’ हा उत्तरार्ध ‘टक्केवारी’, ‘आकडेवारी’, ‘क्रमवारी’ या शब्दांतही आहे आणि तो ‘त्या मापाप्रमाणे लावलेली मांडणी’ असा अर्थ देतो. म्हणजे आणेवारी ही मूळचीच मांडणी आहे; एकेका घटकाला एकेक आकडा देऊन केलेली ओळ आहे.

महसूल व्यवस्थेत ही रीत प्रथम पिकाला न लागता जमिनीला लागली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यातील मोजणीचे नियम विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात एकत्र केले. त्यांत जमिनीच्या नऊ प्रती ठरविल्या असून प्रत्येक प्रतीचे सापेक्ष मूल्य आण्यांत दिले होते. पहिल्या प्रतीला सोळा आणे आणि तेथून उतरत नवव्या प्रतीला दोन आणे. मातीचा प्रकार आणि तिची खोली यांवरून प्रत ठरे. चुनखडी, वाळू, उतार यांसारखा एखादा दोष आढळला की दर दोषागणिक शेत एक पायरी खाली उतरे. शेतात उभा असलेला वर्गकार वस्तुतः अटींची एक मालिकाच चालवीत असे. खोली अमुक असेल तर ही प्रत, दोष असेल तर त्याखालची प्रत, दोन दोष असतील तर तिच्याही खालची. हीच मोजणीपद्धती पुढे वऱ्हाडात आली. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले होते. तेथील जमाबंदी मुंबईच्या धर्तीवर झाली. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा मुलूख त्याच वऱ्हाडाचा भाग होय.

जमिनीची आणेवारी एकदा ठरली की एक पिढीभर चाले. पिकाची आणेवारी मात्र दरसाल नवी करावी लागे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा आला. त्यानंतर, पीक किती आण्यांचे आले हे ठरवून त्यावरून सारा तहकूब करावा की माफ करावा हा निर्णय घेण्याची पद्धत प्रांतोप्रांती स्थिरावली. दुष्काळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगणारे हे यंत्र होते. त्याला पुरवठा मात्र सोळा पायऱ्यांच्या मापाचा होई. सलग मापाचे दोन तुकडे करावयाचे तर कोठेतरी रेघ ओढावी लागते, आणि अटीनुसार निवडीचा सारा प्रश्न त्या रेघेशी येऊन थांबतो.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अंमलात आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आण्यांची जागा पन्नास पैशांनी घेतली. विदर्भ त्याआधी पाच महिने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मुंबई राज्यात आला होता. कागदावरचा शब्द बदलला, तरी खेड्यांतून ‘यंदा आणेवारी किती लागली?’ हा प्रश्न ऐकू येतोच. नाणे व्यवहारातून गेले तरी त्याच्या नावाचे माप भाषेत टिकून राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

३

१८४७ हे वर्ष आणखी एका कारणासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. संयुक्त अहवाल ज्या वर्षी तयार झाला, त्याच वर्षी इंग्लंडात जॉर्ज बूल याने तर्कशास्त्राच्या गणिती विश्लेषणावरील आपले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण दोन्हींच्या मुळाशी असलेली क्रिया एकच होती. बूलने आपल्या चिन्हांना निवड करणारी चिन्हे असेच मानले होते. एखादे चिन्ह सर्व वस्तूंच्या समूहावर लावले की विशिष्ट गुण असणाऱ्या वस्तू तेवढ्या निवडल्या जातात. यावरून त्याने दोन नियम काढले. दोन निवडी कोणत्याही क्रमाने केल्या तरी फळ एकच येते, आणि एकच निवड पुन्हा केल्याने काही नवे घडत नाही. काळ्या जमिनींतून खोल जमिनी निवडा, अथवा खोल जमिनींतून काळ्या निवडा; हाती येणारी शेते तीच असतात.

या कल्पनेला यंत्राच्या भाषेत स्थान मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. केनेथ आयव्हर्सन याने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जी लेखनपद्धती मांडली, तीच पुढे एपीएल ही भाषा झाली. तिच्यात निवडीची क्रिया दोन टप्प्यांत होते. प्रथम ॲरेच्या प्रत्येक घटकाला अट लावून एक आणि शून्य यांची नवी ओळ तयार करावयाची. अट पूर्ण झाली तेथे एक, न झाली तेथे शून्य. नंतर ही ओळ मूळ ओळीवर चाळणीसारखी ठेवावयाची. जेथे एक आहे तेथील घटक राहतो, शून्याखालचा गळतो. ॲरेवर काम करणाऱ्या पुढच्या अनेक भाषांनी हीच रीत उचलली. १९९० च्या फोरट्रानमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र सोय झाली आणि पायथॉनच्या नमपाय या संग्रहातही तीच रूढ आहे.

दोन टप्पे वेगळे ठेवण्याचा लाभ मोठा आहे. समजा, एका ओळीत गावांची नावे आहेत आणि दुसऱ्या ओळीत त्याच क्रमाने पैसेवारी आहे. केवळ पन्नासाखालचे आकडे वेगळे काढले, तर ते कोणत्या गावांचे हे कळत नाही. एक-शून्याची ओळ हाती असली की तीच नावांच्या ओळीवर ठेवता येते, क्षेत्राच्या ओळीवर ठेवता येते, खातेदारांच्या संख्येवरही ठेवता येते. जुन्या कारकुनाची रीत याहून वेगळी नव्हती. यादीच्या समासात पात्र गावापुढे खूण करून तो पुढील सर्व रकाने त्या खुणांवरून उतरवून घेई.

दुसरी परंपरा तक्त्यांची. एडगर कॉड याने १९७० मध्ये माहितीसाठ्याचे संबंधात्मक प्रतिमान मांडले आणि १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी त्यावर आधारलेली भाषा प्रसिद्ध केली. आजच्या एसक्यूएलची ती पूर्वावस्था होय. या भाषेतील वाक्यात काय हवे ते प्रथम, कोठून हवे ते नंतर आणि अट शेवटी येते. यंत्राच्या कामाचा तर्कक्रम मात्र याच्या उलट असतो. आधी तक्ता घ्यावयाचा, मग अट लावावयाची, आणि शेवटी हवे ते रकाने काढावयाचे.

४

येथे मराठीच्या वाक्यरचनेकडे वळणे उपयुक्त होईल. महसुली आदेशाचे नेहमीचे वाक्य असे असते : ज्या गावाची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी असेल, ते गाव सवलतींस पात्र समजावे. ‘जो–तो’ ही जोडी मराठीला संस्कृतातील ‘यद्–तद्’ या रचनेकडून आली. तिची योजना पाहण्यासारखी आहे. ‘ज्या गावाची’ या पदाने एक चल घटक उभा राहतो. तो एखादे ठरावीक गाव नसून यादीतील कोणतेही गाव असू शकतो. त्यानंतर अट येते. ‘ते गाव’ या पदाने अटीतून पार पडलेला घटक पुन्हा उचलला जातो आणि मग त्याचे काय करावयाचे ते क्रियापद सांगते. घटक, अट, फळ हा क्रम यंत्राच्या तर्कक्रमाशी जुळतो. इंग्रजीत नाम आधी आणि त्याची अट मागाहून येते. एसक्यूएलने आपला क्रम त्या वळणावर बसविला आहे. सी-शार्प या भाषेत २००७ मध्ये जी प्रश्नरचना आली, तिच्यात स्रोत प्रथम, अट मध्ये आणि निवड शेवटी असा क्रम ठेवण्यात आला. मराठी वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

तथापि, क्रम जुळला म्हणून अर्थ निःसंदिग्ध होतो असे नाही. व्यवहारातील मराठीत मर्यादा अनेक प्रकारे सांगितली जाते. ‘पन्नासपेक्षा कमी’, ‘पन्नासच्या आत’, ‘पन्नासपर्यंत’, ‘पन्नास व त्याखाली’ हे प्रयोग बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात. पहिल्या प्रयोगात पन्नास हा अंक बाहेर राहतो, शेवटच्या दोहोंत तो आत येतो, आणि ‘आत’ या शब्दाबद्दल दोन वक्त्यांचे एकमत होईलच अशी खात्री नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र ‘लहान’ आणि ‘लहान किंवा समान’ यांपैकी एक चिन्ह निवडावेच लागते. ज्या गावाचा आकडा बरोबर पन्नास आहे, त्याचा वर्षाचा हिशेब त्या एका चिन्हावर ठरतो.

पूर्णांकाचा प्रश्नही याच्याच शेजारचा. एखाद्या गावाचे गणित ४९.६ येते. आधी तुलना केली तर गाव निवडले जाते. आधी जवळचा पूर्णांक घेतला तर आकडा पन्नास होतो आणि गाव वगळले जाते. निवडीचा क्रम बदलल्याने फळ बदलत नाही, हा बूलचा नियम केवळ निवडींपुरता आहे. निवड आणि दुसरी एखादी क्रिया यांच्या अदलाबदलीस तो लागू होत नाही.

५

याच भेदाचे मोठे रूप म्हणजे घटक कोणता हा प्रश्न. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच गावांची पैसेवारी अनुक्रमे ४३, ४७, ४९, ५० आणि ६६ आहे. गाव हा घटक धरून ‘पन्नासपेक्षा कमी’ ही अट लावली, तर पहिली तीन गावे निवडली जातात. पाचही गावांची सरासरी काढून तो समूह हाच घटक धरला, तर बेरीज २५५ आणि सरासरी ५१ येते. अट अपुरी पडते आणि एकही गाव निवडले जात नाही. एका सधन गावाने तीन गावांची तूट झाकली. आकडे तेच, अट तीच; आधी निवड की आधी सरासरी, एवढाच फरक.

महाराष्ट्रातील अलीकडच्या निर्णयांत ही घटकाची पातळी बदलताना स्पष्ट दिसते. केंद्र सरकारची सुधारित दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये आली आणि राज्याने पुढील वर्षी तिला अनुसरून आपली कार्यपद्धती ठरविली. पैसेवारीऐवजी पर्जन्यमान, पेरणी, उपग्रहांवरून मिळणारे पीकस्थितीचे निर्देशांक, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांना तीत प्राधान्य मिळाले. घटक मात्र गावाऐवजी तालुका झाला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम होता. पुढच्याच महिन्यात, या तालुक्यांबाहेरील २६८ महसुली मंडळे पावसाच्या अटीवर निवडण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये आणखी ९३१ गावे पन्नास पैशांखालील पैसेवारीच्या आधारे त्यांत जोडली गेली. तालुका, मंडळ, गाव असा हा उतरता क्रम आहे. मोठ्या घटकावर केलेल्या निवडीतून जे निसटले, ते पकडण्यासाठी लहान घटकाकडे आणि शेवटी जुन्या पैसेवारीकडेच यावे लागले, असा त्याचा अर्थ होतो.

२०२३ सालीही हेच घडले. ३१ ऑक्टोबरच्या निर्णयाने ४० तालुके निवडले गेले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांपैकी बुलढाणा आणि लोणार हे दोनच त्यांत होते. लोणारला लागून असलेला मेहकर तालुका, बुलढाण्याला लागून असलेले चिखली व मोताळा हे तालुके त्या यादीत नव्हते. ढगांना तालुक्याची सीमा ठाऊक नसते. पण तालुका हाच घटक धरला की शिवेच्या दोन्ही बाजूंच्या शेतांचे भवितव्य वेगळे होते. नोव्हेंबरात १,०२१ महसुली मंडळे दुष्काळसदृश म्हणून वेगळी काढण्यात आली. त्यांची अट दुहेरी होती. जून ते सप्टेंबर या काळातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असावा, आणि शिवाय तो ७५० मिलिमीटरांपेक्षाही कमी असावा.

‘आणि’ने जोडलेल्या या दोन अटींची तपासणी उद्बोधक आहे. कोकणातील एखाद्या मंडळात सरासरी २,५०० मिलिमीटर असताना १,५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर पहिली अट पूर्ण होते, दुसरी होत नाही; ते मंडळ वगळले जाते. उलट, ज्या मंडळाची सरासरी १,००० मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे, तेथे पहिली अट पूर्ण झाली की दुसरी आपोआप पूर्ण होते. कारण १,००० चे ७५ टक्के म्हणजेच ७५०. बुलढाणा जिल्ह्याची सरासरी हजाराच्या आत असल्याने तेथे दुसरी अट जवळजवळ निष्क्रिय ठरते. कागदावर दोन अटी, प्रत्यक्षात एकच. अटींची संख्या म्हणजे कसोटीची कठोरता नव्हे, हे यावरून दिसते.

६

शेवटचा प्रश्न अनुपस्थित माहितीचा, आणि तो सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. एखाद्या मंडळातील पर्जन्यमापक बंद असेल किंवा एखाद्या गावाचा पीक कापणी प्रयोग झाला नसेल, तर त्याच्या रकान्यात काय लिहावयाचे? शून्य लिहिले तर ते ‘पन्नासपेक्षा कमी’ या अटीत आपोआप बसते आणि न मोजलेले गाव सर्वाधिक पीडित ठरते. रकाना रिकामा ठेवला तर यंत्राचे वर्तन वेगळे होते. अपूर्णांकांच्या गणितासाठी १९८५ मध्ये जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्यात ‘संख्या नव्हे’ असे एक खास मूल्य आहे. त्याची कोणत्याही संख्येशी ‘लहान’ अथवा ‘मोठा’ अशी तुलना केली की उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘पन्नासपेक्षा कमी आहे काय?’ नाही. ‘पन्नास किंवा अधिक आहे काय?’ तरीही नाही. एसक्यूएलमध्ये अशा तुलनेचे उत्तर ‘अज्ञात’ येते, आणि निवड केवळ ‘होय’ असलेल्यांचीच होते.

याचा परिणाम असा की दोन वाक्ये, जी सामान्य व्यवहारात एकाच अर्थाची वाटतात, ती येथे वेगळी होतात. ‘पन्नासपेक्षा कमी असलेली गावे निवडा’ या आज्ञेत माहिती नसलेले गाव बिनबोभाट गळते. संख्यांच्या त्या प्रमाणानुसार ‘पन्नास किंवा अधिक असलेली गावे वगळून उरलेली घ्या’ या आज्ञेत मात्र तेच गाव आत राहते. पहिल्या वाक्यात पुराव्याचा भार गावावर आहे, दुसऱ्यात तो शासनावर आहे. होकार आणि नकाराचा नकार हे तर्कशास्त्रात एक मानले जातात. अज्ञान मध्ये शिरले की ते एक राहत नाहीत. पूर्वी यादी हाताने होत असे, तेव्हा रिकामा रकाना कारकुनाच्या डोळ्यांना खटकत असे आणि तो चौकशी करी. यंत्राला तो खटकत नाही. तसे सांगितल्याखेरीज ते थांबत नाही.

७

जिल्ह्याच्या उत्तरेस, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, अक्षय्यतृतीयेला घटमांडणी होते. शेतात वर्तुळाकार अठरा प्रकारची धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य कसे विखुरले ते पाहून हंगामाचे भाकीत सांगतात. तिला हवामानशास्त्राचा आधार नाही. परंतु तिच्या रचनेत एक गोष्ट लक्षणीय आहे. प्रत्येक धान्य स्वतंत्रपणे पाहिले जाते. त्यांची सरासरी कोणी काढीत नाही. कापसाचे भाकीत ज्वारीच्या भाकिताने झाकले जात नाही. ओळीतील एकेका घटकाकडे त्याच्या जागी पाहण्याची ही सवय शेतकऱ्याच्या व्यवहारबुद्धीशी सुसंगत आहे, कारण त्याचे नुकसान तालुक्याच्या सरासरीत होत नसून त्याच्या स्वतःच्या शेतात होत असते.

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. अटीनुसार निवड ही आधी भाषेतील क्रिया आहे आणि मागाहून यंत्रातील. १८४७ चा वर्गकार, आणेवारीचा कारकून आणि आजची आज्ञावली हे एकाच वाक्याचे तीन वाचक होत. पहिले दोघे संदिग्ध वाक्य आपल्या समजुतीने, कधी न्यायाने तर कधी अन्यायाने, पुरे करून घेत. तिसऱ्याजवळ समजूत नाही. वाक्यात जे नाही, ते आज्ञावली लिहिणारा कोणी अनामिक आपल्या सोयीने भरून टाकतो आणि त्याचा निर्णय कोणत्याही आदेशात उमटत नाही. म्हणून घटक कोणता, मर्यादेवरचा आकडा आत की बाहेर, तुलना आधी की पूर्णांक आधी, आणि माहिती नसेल तर काय, या चार प्रश्नांची उत्तरे मूळ मराठी आदेशातच असावयास हवीत. ती तेथे नसतील, तर ती अन्यत्र दिली जातील. आणि ज्या गावाचे नाव यादीतून गळाले, त्या गावाला ती वाचावयास मिळणार नाहीत.